शस्त्रपरवाना, बंदुकीच्या तांत्रिक अटी आणि न्यायनिर्णय : कर्जत तालुका

स्वसंरक्षण, पीकसंरक्षण किंवा नेमबाजी यांसाठी अग्न्यस्त्र बाळगण्याची सरकारने लेखी दिलेली, मुदतबंद आणि कारणपरत्वे काढून घेता येण्याजोगी अनुज्ञा म्हणजे शस्त्रपरवाना. बंदूक कोणत्या घडणीची असावी, तिच्यावर कोणती खूण असावी, ती केव्हा घरी राहावी आणि केव्हा पोलीस ठाण्यात जमा व्हावी, याविषयीच्या अटींवर न्यायालयांनी वेळोवेळी दिलेले निर्णय आणि त्यांवर परवानाधारकांत उमटलेली प्रतिक्रिया यांचा विचार येथे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्याच्या संदर्भात केला आहे. हा तालुका दुष्काळी माळरानाचा आणि ज्वारीचा. पण त्याच माळावर काळवीट आणि माळढोक यांच्यासाठी अभयारण्ये जाहीर झाल्यामुळे शस्त्रांचा कायदा आणि वन्यजीवांचा कायदा हे दोन्ही येथे एकाच शेतकऱ्याच्या बांधावर येऊन ठेपले आहेत.

सन 1878 च्या शस्त्र अधिनियमाने हिंदी प्रजेला सर्वसाधारणपणे निःशस्त्र केले, ही खंत राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरून पुढे अनेक वर्षे बोलून दाखवली गेली, आणि 1931 च्या कराची येथील ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत गणला गेला. तथापि डिसेंबर 1948 मध्ये घटनासमितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क संविधानात घालण्याविषयी उपसूचना मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला; असा हक्क सरसकट दिल्यास गुन्हेगारीवर उपजीविका करणाऱ्या टोळ्याही तो मागतील, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. उपसूचना फेटाळली गेली, आणि 1959 च्या शस्त्र अधिनियमाचा पाया तेथेच निश्चित झाला. परवानाधारकांच्या पुढील सर्व तक्रारी या पायाच्या आतल्या आहेत. आपल्याकडील बंदूकधारक हक्काची भाषा क्वचित बोलतो, तो दाद मागतो ती हुकूम कायद्याप्रमाणे निघाला की नाही एवढ्याचीच. सन 1993 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निर्णयाने अप्रतिबंधित शस्त्र बाळगणे हे जीवितहक्काच्या अनुच्छेद 21 मध्ये येते असे म्हटले, तेव्हा बंदूकधारकांत साहजिकच उत्साह पसरला. पण त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो विचार पुढे अमान्य केला. फेब्रुवारी 2023 मध्ये बेकायदा शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेताना सर्वोच्च न्यायालयानेही अमेरिकेसारखा शस्त्रहक्क आपल्या संविधानात नाही, याचे स्मरण करून दिले.

तांत्रिक अटी 1959 च्या कायद्यातच आहेत. कलम 13 नुसार संरक्षण अथवा क्रीडा यांसाठी किमान 20 इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक मागणाऱ्यास परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मात्र मुळात ठासणीची बंदूकच पुरेशी मानली आहे, आणि तिने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच मागून भरायची बंदूक मिळू शकते. ठासणीची बंदूक हाताळलेल्याला या अटीचा अर्थ लगेच कळतो. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी मागच्या बोंडीवर टोपी बसवून घोडा ओढायचा. एवढे होईपर्यंत रानडुकरांचा कळप शेताबाहेर पडलेला असतो आणि पावसाळी रात्री दारू दमट झाली तर चाप ओढूनही बार निघत नाही. या बंदुकीने माणसाचा जीव घेणे अवघड व्हावे हा संसदेचा हेतू समजण्याजोगा आहे. पण राखण करणाऱ्याच्या हातीही ती अपुरीच पडते, ही शेतकऱ्याची तक्रार तितकीच न्याय्य आहे.

कलम 8 अन्वये निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक अथवा मान्य ओळखखूण न उमटलेले अग्न्यस्त्र विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. ओळखखुणेचा हाच विचार अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने फार पुढे नेला: तेथील 2007 च्या कायद्याने नव्या नमुन्याच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाने बार होताच आपला अनुक्रमांक काडतुसाच्या टोपणावर सूक्ष्म अक्षरांत उमटवला पाहिजे अशी अट घातली, आणि 2013 पासून ती अमलात आली. असे पिस्तूल कोणीच बनवीत नाही, म्हणून ही अट म्हणजे आडमार्गाने घातलेली बंदीच होय, असे निर्माते व बंदूकधारक म्हणाले; तथापि अट पुरी करणे अशक्य आहे एवढ्याच कारणाने कायदा रद्द ठरवता येत नाही, असा निर्णय तेथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2018 मध्ये दिला. मार्च 2023 मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने या अटीला तात्पुरती मनाई केली, तेव्हा त्याच मंडळींनी जाहीर समाधान व्यक्त केले. तेथे प्रश्न संविधानाने दिलेल्या हक्काचा होता. आपल्याकडे तशाच ओळखीसाठी शस्त्राच्या धातूपेक्षा दफ्तरावर भर दिला गेला. प्रत्येक परवान्यास राष्ट्रीय सूचीत एकमेव क्रमांक सक्तीचा झाला, मुदती अनेकदा वाढवल्या गेल्या आणि अखेरची मुदत 29 जून 2020 ठरली. ज्यांच्या घरी परवान्याची जुनी हस्तलिखित वही होती, त्या खेडुतांना जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे पडले, हे नमूद केले पाहिजे.

कर्जतचा विशेष प्रश्न मात्र निराळ्याच कायद्यातून उद्भवतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 याच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यात अथवा त्याच्या 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आपले नाव वन्यजीव अधिकाऱ्याकडे नोंदवले पाहिजे, आणि त्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून नवा परवाना देता येत नाही. तालुक्यात देऊळगाव-रेहेकुरी हे काळविटांचे अभयारण्य 1980 मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर, पण त्याभोवतीच्या 10 किलोमीटरच्या पट्ट्यात गावेच्या गावे येतात. त्याच्या आदल्याच वर्षी जाहीर झालेल्या माळढोक पक्षी अभयारण्याचा विस्तार तर सोलापूर जिल्ह्यापासून कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे या तालुक्यांपर्यंत, एकूण सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होता; जमिनीच्या व्यवहारांवर आलेल्या निर्बंधांविषयी लोकांनी दीर्घकाळ गाऱ्हाणी मांडल्यानंतर, सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने तो सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत आकुंचित झाला. एवढ्या मोठ्या मुलखाला अभयारण्य म्हणताना तेथील शेतकऱ्यास विचारले गेले नाही, हे मला त्या योजनेचे मोठे वैगुण्य वाटते. माळढोकाचेही त्यात हित झाले नाही.

रब्बीत ज्वारी आणि हरभरा उभा असताना हरणांचे कळप रात्री शेतात उतरतात. काळवीट वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची 1 मधील प्राणी असल्याने परवाना असला तरी त्याच्यावर बार टाकणे हा गंभीर गुन्हा आहे. बंदूक येथे फार तर हवेत बार काढण्यापुरती. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांना विशिष्ट परिस्थितीत मारण्याची मुभा महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये दिली, तीही वनाधिकाऱ्याच्या परवानगीने. डिसेंबर 2020 मध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात नरभक्षक ठरलेल्या बिबट्यास ठार करण्यात आले, तेही वन्यजीव रक्षकाच्या हुकुमान्वये. घरोघरी असलेल्या परवान्यांनी कोणालाही तो अधिकार दिला नव्हता. परवाना हा शस्त्र बाळगण्याचा असतो, प्राणी मारण्याचा नव्हे, हा भेद त्या दिवसांत माळरानावरच्या लोकांना कठोरपणे समजला.

निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाचा 2009 चा निर्णय महाराष्ट्रातील परवानाधारकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. त्यापूर्वी निवडणूक जाहीर होताच सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करवण्याचा प्रघात होता. कापडात गुंडाळलेली बंदूक घेऊन परवानाधारक ठाण्यात जाई, हवालदार नळीवरचा क्रमांक वहीशी ताडून पाही, काडतुसे मोजून घेई, पावती देई, आणि मालखान्यातून ती बंदूक परत येई तेव्हा तिच्या नळीला गंज चढलेला असे. व्यक्तिगत विचार न करता काढलेला असा सरसकट हुकूम न्यायालयाने ग्राह्य मानला नाही. त्यानुसार निवडणूक आयोगाने 1 सप्टेंबर 2009 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले आणि विशेषतः निवडणुकीच्या काळी दंगलीत गुंतलेले परवानाधारक निवडावेत, त्यांना एकेकट्याने नोटीस द्यावी, उमेदवारी मागे घेण्याच्या अखेरच्या तारखेपासून सात दिवसांच्या आत शस्त्र जमा व्हावे आणि निकालानंतर आठवडा उलटताच ते परत मिळावे, असे त्यांत ठरले. रूढीने शस्त्रधारणेचा अधिकार असलेल्या समाजांना या बंधनातून वगळण्यात आले. मार्च 2024 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही व्यक्तिगत कारणांशिवाय कोणास शस्त्र जमा करण्यास भाग पाडू नये, असाच आशय मांडला.

या निर्णयांचे परवानाधारकांनी स्वागत केले, ते माझ्या मते योग्यच होते. कारण त्यांची मागणी शस्त्र कधीच सोडणार नाही अशी नव्हती, तर आपल्यावर संशय का, हे लेखी कळावे अशी होती. प्रत्यक्षात मात्र बंदोबस्ताच्या धावपळीत छाननीचा शिक्का सर्वांच्याच नावावर पडण्याची तक्रार कोकणापासून विदर्भापर्यंत ऐकू येते. काजूच्या हंगामात कोकणातील राखणदाराच्या हातची बंदूक एप्रिल-मेच्या लोकसभा निवडणुकीसाठी गेली, तर वानर आणि डुक्कर यांना आचारसंहिता लागू नसते. शेजारच्या कर्नाटकात कोडगूतील कोडवा समाज आणि जम्मा या वंशपरंपरागत जमिनीचे धारक यांना असलेली परवानामुक्ती सप्टेंबर 2021 मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ग्राह्य ठरवली. अशी सवलत महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकरी समाजास नाही.

शस्त्र अधिनियमाच्या सन 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात ती एकच होती. वडिलोपार्जित बंदुका आणि नेमबाजी यांविषयी हरकती आल्यावर ती दोन करण्यात आली. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. समारंभात बेफिकिरीने बार काढून इतरांचा जीव धोक्यात आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. तिसरे शस्त्र असणाऱ्यांना ते जमा करण्यासाठी एक वर्ष देण्यात आले, आणि ती मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांत त्या शस्त्राचा परवाना रद्द करण्याची तरतूद झाली.