रिकव्हरी पार्टिशन

रिकव्हरी पार्टिशन म्हणजे लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर उत्पादकाने राखून ठेवलेला स्वतंत्र विभाग होय. त्यातील ऑपरेटिंग सिस्टीम व ड्रायव्हर यांच्या मूळ प्रतीवरून यंत्र कारखान्यातून निघालेल्या स्थितीत आणता येते. लॅपटॉपसोबत सीडी मिळाली नसल्यास ग्राहकाकडे बहुधा हीच एकमेव प्रत असते.

विभागांची मर्यादा

१९८३ साली पीसी डॉस २.० सोबत आलेल्या एमबीआर पद्धतीत जास्तीत जास्त चार प्राथमिक विभाग करता येतात. विंडोज ७ च्या काळातील अनेक लॅपटॉपवर हे चारही विभाग उत्पादकानेच वापरलेले असत. अशा डिस्कवर पाचवा विभाग करू पाहिल्यास विंडोज तिचे डायनॅमिक डिस्कमध्ये रूपांतर सुचवते. ते स्वीकारल्यास रिकव्हरीची सोय निकामी होऊ शकते. विंडोज ८ (२०१२) पासून नव्या लॅपटॉपवर रूढ झालेल्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ विभागांची मुभा देते.

सुरक्षित विभाजन

१. स्वतःच्या फायलींचा बॅकअप बाह्य डिस्कवर घ्यावा.
२. रिकव्हरी डीव्हीडी अथवा पेन ड्राइव्ह तयार करावा.
३. डिस्क मॅनेजमेंटमधील 'श्रिंक व्हॉल्यूम' या सोयीने केवळ 'सी' विभाग लहान करावा व मोकळ्या जागेत नवा विभाग करावा.
४. अक्षर नसलेले लहान विभाग निरुपयोगी समजून पुसू नयेत.

मर्यादा

मूळ स्थिती परत आणताना अनेक यंत्रांत संपूर्ण डिस्क पुसली जाते. त्यासोबत नवा विभागही नष्ट होतो. डिस्क बिघडल्यास सर्वच विभाग एकदम जातात. त्यामुळे त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात ठेवलेली प्रत हा बॅकअपचा पर्याय ठरत नाही.