रोटी आणि बेटी

आपल्याकडे जातीबद्दल बोलताना ‘रोटी-बेटी व्यवहार’ असा जोडशब्द येतो. ज्याच्या हातची भाकरी खायची नाही, त्याच्या घरी मुलगी द्यायची नाही. आणि पोरीनं आपल्या मनानं कुणी निवडलाच, तर शिक्षा चुलीपासून सुरू व्हायची. घर वाळीत पडलं की शेजारीण विस्तव देईना, पंगतीत पान मांडलं जाईना. जातीत परत यायचं तर दंड भरून जातीला जेवण घालायचं. जात जेवली की गुन्हा माफ. ते जेवण रांधायला बाई, पंचांत मात्र तिला जागा नाही.

हे कुंपण मोडायला काही जणांनी सुरुवात केली तीही खाण्यापासूनच. 1849 साली मुंबईत परमहंस सभा निघाली. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागे. पण सगळं गुपचूप! सभासदांची नावं बाहेर फुटली, तशी सभाच मोडली. सुधारक होते, पण घरी बायकोला सांगायची सोय नव्हती, असंच म्हणायचं.

सावित्रीबाई फुले यांनी मात्र उघड केलं. 29 ऑगस्ट 1868 रोजी माहेरच्या नायगावाहून त्यांनी जोतिबांना पत्र लिहिलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पोथी घेऊन गावोगाव हिंडत असे. त्याचं शारजा या महार मुलीवर मन बसलं. तिला सहावा महिना लागला, तसं गावाला कळलं. लोकांनी दोघांना मारत गावातून फिरवलं. आता जीवच घ्यायचा बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या. खून केलात तर इंग्रज सरकार सोडणार नाही, असा धाक घालून त्यांनी दोघांना सोडवलं. गावानं अट घातली, गाव सोडा. बाईंनी दोघांना जोतिबांकडे पाठवलं. त्याच वर्षी फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. ज्या घरचं पाणी सगळ्यांना, त्याच घराकडे त्या दोघांना धाडता येत होतं.

पुढे सहभोजनं होऊ लागली. एकत्र जेवायचं, हात धुवायचे आणि सोयरीक आपल्याच जातीत जुळवायची! बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली स्पष्ट लिहिलं की सहभोजनानं जात मरत नाही, त्याला मिश्रविवाहच हवा. कायदा हळूहळू आला. 1872 च्या कायद्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू नाही असं लिहून द्यावं लागे. 1949 साली हिंदूंमधली आंतरजातीय लग्नं कायद्यानं वैध ठरली, आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं धर्म न सोडता नोंदणी करता येऊ लागली.

आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. जातपंचायतीला तो लागू होतो. पण दुसऱ्या जातीची सून घरात आली आणि सणाच्या दिवशी सासूनं गोड आवाजात ‘नैवेद्याचं तू राहू दे गं’ म्हटलं, तर त्याला कोणतं कलम लावणार? आत पुरण शिजत असतं, आणि ती ओसरीवर भाजी निवडत बसलेली असते.