'इफ'च्या जागी 'व्हाइल' का? प्रोड्यूसर-कन्झ्युमरची जुनी गोष्ट

इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीमचं प्रॅक्टिकल केलं असेल, तर प्रोड्यूसर-कन्झ्युमरचा प्रोग्राम तुम्ही सी मध्ये लिहिलाच असेल. लिहिला म्हणजे, खरं सांगायचं तर, मित्राच्या जर्नलमधून उतरवला असेल! त्यात एक ओळ असते जी सगळे जशीच्या तशी उचलतात. बफर रिकामा आहे का हे तपासताना तिथे 'इफ' नसतं, 'व्हाइल' असतं. व्हायवात एक्स्टर्नलने "का?" विचारलं की शांतता. आज त्या 'व्हाइल'चा इतिहास बघूया.

आधी प्रश्न काय ते पटकन. एकजण पोळ्या करून डब्यात टाकतोय, दुसरा काढून खातोय. डब्यात पाचच मावतात. डबा भरला की करणाऱ्याने थांबायचं, रिकामा झाला की खाणाऱ्याने. सोपं वाटतं ना? आता हेच कॉम्प्युटरवर बघा. कन्झ्युमरने पाहिलं, डबा रिकामा, झोपावं. पण प्रत्यक्ष झोपायच्या आतच ऑपरेटिंग सिस्टीमने प्रोसेसर काढून प्रोड्यूसरला दिला. त्याने पोळी टाकली आणि "ऊठ रे" अशी हाक मारली. कन्झ्युमर तर अजून झोपलेलाच नाही, त्यामुळे हाक वाया गेली. मग याची पाळी आली आणि हा निवांत झोपला. थोड्या वेळाने डबा भरला, तोही झोपला. आता दोघंही कायमचे झोपलेले. एरर नाही, क्रॅश नाही. आणि परत चालवून बघाल तर कदाचित सगळं सुरळीत चालेल.

या "परत चालवलं की चूक दिसतच नाही" प्रकाराची धास्ती एका माणसाने फार आधी घेतली होती. नेदरलँड्सचा एड्स्खर डाइकस्ट्रा. 1950 च्या दशकाच्या अखेरीला अॅमस्टरडॅममध्ये एक्स-1 नावाचं मशीन बनत होतं. त्यात इंटरप्ट ठेवायचे, म्हणजे बाहेरचं यंत्र चालू प्रोग्रामला मध्येच थांबवू शकणार. डाइकस्ट्राने बरेच दिवस याला होकारच दिला नाही, कारण कुठल्या क्षणी काय होईल हे पुन्हा घडवून तपासताच येणार नव्हतं. शेवटी सहकाऱ्यांनी त्याला राजी केलं. (याच माणसाने 1957 मध्ये लग्नाच्या नोंदणीत व्यवसाय 'प्रोग्रामर' लिहिला, तर असा काही व्यवसायच नसतो म्हणून अधिकाऱ्यांनी तो नाकारला. मग 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' लिहावं लागलं.)

1962 मध्ये तो आइंडहोव्हनला गेला. तिथल्या एक्स-8 मशीनसाठी त्याने आणि त्याच्या छोट्या टीमने जी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली, तिची मुख्य मेमरी होती 32 हजार शब्दांची. तेवढ्यात टेप वाचणारं यंत्र, प्रिंटर आणि बाकीचे प्रोग्राम एकाच वेळी चालवायचे. सगळे एकमेकांचे प्रोड्यूसर आणि कन्झ्युमर! यासाठी त्याने सेमाफोर काढला. कल्पना रेल्वेच्या सिग्नलची, पण त्यातली गंमत वेगळीच आहे. सेमाफोर हा एक आकडा आहे. हाक मारली की आकडा एकाने वाढतो, आणि ऐकायला कुणी नसलं तरी तो तसाच राहतो. म्हणजे हाक वाया जात नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात सुंदर कल्पना हीच.

1965 च्या त्याच्या टिपणात हे उदाहरण तीन सेमाफोर घेऊन सोडवलंय. एक भरलेल्या जागांचा, एक रिकाम्या जागांचा, एक कुलपाचा. आणि तिथेच इशाराही आहे. 'थांबा'चा क्रम उलटा केला, म्हणजे आधी कुलूप घेतलं आणि मग जागेची वाट बघत बसलात, की सगळं ठप्प. आजही सबमिशनच्या आदल्या रात्री अनेकांचे प्रोग्राम इथेच अडकतात.

मग 'व्हाइल' कुठून आलं? 1970 च्या दशकात ब्रिंच हॅन्सन आणि टोनी होअर यांनी मॉनिटर मांडला. होअरच्या नियमात हाक मारताच झोपलेला तिथल्या तिथे उठून काम सुरू करतो, मध्ये कुणी घुसत नाही. तिथे 'इफ' पुरतं. पण झेरॉक्स पार्कमध्ये मेसा भाषा करणाऱ्यांना हे महाग पडत होतं. लॅम्पसन आणि रेडेल यांनी 1980 च्या लेखात मांडलं की हाक म्हणजे फक्त सूचना समजा, उठल्यावर स्वतः पुन्हा बघा. कारण तुम्ही उठून कुलूप मिळेपर्यंत तिसराच कुणीतरी येऊन पोळी उचलून गेलेला असू शकतो. 1995 च्या पॉझिक्स थ्रेड्सनी हीच पद्धत घेतली. शिवाय कुणी हाक न मारताही कधी कधी जाग येऊ शकते, अशी सूट त्यात आहे. एक्स्टर्नलच्या प्रश्नाचं उत्तर हे.

हे झालं थ्रेड्सचं. त्यांची मेमरी एकच, म्हणून कुलपाची जबाबदारी तुमची. फोर्क करून वेगळी प्रोसेस काढली तर मेमरी वेगळी. मग एकतर शेअर्ड मेमरी मागून घ्यायची आणि सेमाफोर त्यात ठेवायचा, नाहीतर सरळ पाइप वापरायचा. डग मॅकिलरॉयने हट्ट धरला आणि केन थॉम्प्सनने 1973 मध्ये युनिक्समध्ये पाइप घातला. त्याच्या पोटात बसलाय तोच ठरावीक मापाचा बफर, फक्त झोपणं-उठणं कर्नल बघतो. तुम्हाला एकही सेमाफोर लिहावा लागत नाही. व्हायवासाठी थ्रेड्स शिका, पण दोन वेगळे प्रोग्राम जोडायचे असतील तर मी पाइपच घेईन.

फोनवर टर्मक्स असेल तर करून बघा. 'येस' कमांड पाइपने 'स्लीप 100' ला जोडा. येस अखंड लिहीत सुटतं, स्लीप काहीच वाचत नाही. लिनक्सवर पाइप सहसा 65,536 बाइटचा असतो. तो क्षणात भरतो. दुसऱ्या खिडकीत पीएसमध्ये येसची अवस्था बघा, 'एस' दिसेल, म्हणजे झोपलेलं. 100 सेकंदांनी स्लीप संपतं, वाचणारं टोक बंद होतं, आणि कर्नल येसला सिगपाइप पाठवून तेही संपवतो.