आयपी मल्टिकास्ट मार्गनिर्देशन

एकच माहितीप्रवाह निवडक संगणकांच्या गटाला पुरवण्याची पद्धत. स्टीव्ह डीअरिंग यांच्या १९८९ च्या आरएफसी १११२ ने तिला प्रमाणरूप दिले.

सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयासारख्या परिसरात तिचे मोल चटकन पटावे. सेकंदाला ४ मेगाबिट लागणारे शस्त्रक्रियेचे थेट चित्रण ५० पडद्यांना स्वतंत्रपणे पाठवले, तर सर्व्हरवर २०० मेगाबिटांचा भार येतो. मल्टिकास्टमध्ये तो ४ वरच राहतो.

त्यासाठी राउटिंग करणाऱ्या स्विचवर मल्टिकास्ट सुरू करून संबंधित व्हीलॅनच्या इंटरफेसवर पीआयएम स्पार्स मोड हा मल्टिकास्ट मार्गनिर्देशनाचा प्रोटोकॉल लावतात आणि अशा सर्व स्विचना एकच रांदेव्हू पॉइंट (प्रवाहाचा स्रोत आणि ग्राहक जिथे जुळतात तो राउटर) कळवतात. गटाचा पत्ता २३९ ने सुरू होणारा, संस्थेपुरता घ्यावा. आयजीएमपी स्नूपिंगकडे, म्हणजे गटाचे सदस्य कोणत्या पोर्टवर आहेत हे ओळखण्याच्या स्विचमधील सोयीकडे, मुळीच दुर्लक्ष नको: ते बंद असले, की प्रवाह व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर पसरतो.