भाकरीची खूण

१९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू बर्लिन ऑलिम्पिकमध्ये देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवून आले. त्याच बर्लिनमध्ये जन्मलेल्या रुडॉल्फ शोनहायमरला मात्र ज्यू म्हणून १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. न्यूयॉर्कला जाऊन १९३५ मध्ये त्याने जड हायड्रोजनची खूण लावून शरीरातल्या चरबीचा माग काढला.

१९७०च्या दशकात युरोपात व्यायामावेळी मक्याचं ग्लुकोज पाजू लागले. मक्यात कार्बन-१३ गहू-बटाट्यापेक्षा किंचित जास्त. त्यामुळे प्यायलेली साखर किती जळली ते श्वासातून कळतं.

आता गंमत बघा. आपली ज्वारीही मक्याच्याच गटातली! रोज भाकरी खाणाऱ्या वऱ्हाडी माणसाच्या श्वासात ही खूण आधीपासूनच असते. म्हणून इथे प्रयोगाआधी विचारायलाच हवं : गेले काही दिवस काय जेवलात?