हिमनदीच्या चित्राची कुळकथा

आल्प्सच्या खोऱ्यांतल्या माणसांना हिमनदीचा धाकच होता. सतराव्या शतकात ती शेतं, गोठे, घरं गिळत खाली सरकत होती. १६४४ साली शामोनीत बिशप गावकऱ्यांची मिरवणूक घेऊन बर्फाच्या कडेशी गेला आणि तिनं मागं हटावं म्हणून प्रार्थना केली. अशा संकटाचं चित्र हौसेनं भिंतीवर कोण लावणार?

अठराव्या शतकात ही नजर पालटली. आल्ब्रेख्त फॉन हालर या कवी-शास्त्रज्ञाच्या काव्यानं आल्प्सची ओढ लावली. पुढं १७७०च्या दशकात बर्नचा प्रकाशक आब्राहाम वाग्नर यानं कास्पार वोल्फ या चित्रकाराकडून डोंगरांची चित्रमालिका करून घेतली. सोबतीला निसर्गाचा जाणकार पाद्री विटेनबाख होता. वोल्फ जागेवर आराखडा काढी, घरी तैलरंगात चित्र पुरं करी आणि तेच चित्र पुन्हा डोंगरावर नेऊन समोरच्या दृश्याशी ताडून दुरुस्त करी. खरी परंपरा सुरू झाली ती या कष्टांतून.

त्याचं १७७६चं लाउटरआर हिमनदीचं चित्र बघा. बर्फावर प्रचंड शिळा आहे. अशा शिळेच्या सावलीतला बर्फ उशिरा वितळतो, भोवतालचा खचतो आणि शिळा बर्फाच्या खांबावर उचलल्यासारखी दिसते. वोल्फनं हे नुसतं भव्य दाखवलं नाही, नीट पाहून रंगवलं.

मग रोमँटिक पिढी आली. इंग्रज चित्रकार टर्नर १८०२ मध्ये आल्प्समध्ये हिंडला. नॉर्वेच्या थॉमस फर्नलीनं १८३८ मध्ये ग्रिंडेलवाल्डची हिमनदी भल्यामोठ्या कॅनव्हासवर उतरवली. १८५६ मध्ये इंग्लंडच्या जॉन ब्रेटनं रोझेनलाउईच्या हिमनदीपुढचा दगड न् दगड टिपला. माणूस किती लहान, हे सांगताना बर्फाची कड मात्र त्यांनी जागच्या जागी ठेवली.

म्हणूनच ही चित्रं आज शास्त्रज्ञांच्या कामी येतात. फोटो निघण्याआधी हिमनदी कुठवर होती, हे ते चित्रातल्या ओळखीच्या खडकांवरून ठरवतात. ग्रिंडेलवाल्डची खालची हिमनदी तेव्हा खोऱ्याच्या तळापर्यंत पोचली होती. आता ती इतकी मागं गेली आहे की गावातून दिसतही नाही. कल्पनेला निरीक्षणाची जोड देणाऱ्या चित्रकारांनी आपल्यासाठी पुरावा राखून ठेवला. असं चित्र समोर आलं, तर शिखरांआधी बर्फाची कड बघा.