वाण्याच्या पाटीवरचा तारा

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी मेम्फिस नावाचे शहर आहे. १९७१ साली तेथल्या ‘आर्डेंट’ या ध्वनिमुद्रणगृहात चार पोरे रात्ररात्र गाणी बसवीत असत. जवळच ‘बिग स्टार’ नावाचे किराणा मालाचे मोठे दुकान होते. भूक लागली की चौघे तिकडे धावत. बँडला नाव सुचेना, तेव्हा त्यांनी त्या वाण्याचीच पाटी उचलली!

अलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स ही ती चौकडी. चिल्टन १६ व्या वर्षीच देशभर गाजलेला. १९६७ साली त्याने ‘बॉक्स टॉप्स’ बँडबरोबर गायिलेले ‘द लेटर’ चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. बेलला कोणी ओळखीत नव्हते. परंतु हा बँड उभा केला तो त्याने. मेम्फिस हे कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताचे माहेरघर. या पोरांचा जीव मात्र बीटल्सवर जडलेला. गोड चाल, जुळलेले गळे आणि त्यांच्या जोडीला विजेच्या गिटारीचा दणदणाट, अशा गाण्याला ‘पॉवर पॉप’ म्हणतात.

१९७२ साली पहिली तबकडी निघाली. नाव काय, तर ‘नंबर वन रेकॉर्ड’! निकालाआधीच पेढे वाटणारा एखादा विद्यार्थी मला दर वर्षी भेटतो, त्याची आठवण होते. पण येथे पेपर खरोखरच उत्तम गेला होता. समीक्षकांनी तोंडभर स्तुती केली. घोडे अडले ते दुकानात. तबकड्या देशभर पोचविण्याचे काम मेम्फिसच्याच ‘स्टॅक्स’ कंपनीकडे होते आणि ते तिला साधले नाही. ज्यांना तबकडी हवी होती त्यांना ती मिळेना. १०,००० प्रतीही खपल्या नाहीत. वाण्याचे नाव घेतले खरे, पण वाण्याच्या फळीवर माल असतो!

हा घाव बेलच्या वर्मी लागला. शिवाय कौतुकाचा मोठा वाटा चिल्टनकडे जाई, तेही सलत होते. गोष्ट मारामारीवर गेली, आणि वर्ष सरता सरता बेल बाहेर पडला.

१९७४ साली उरलेल्या तिघांची ‘रेडिओ सिटी’ आली. आता विक्री बलाढ्य ‘कोलंबिया’ कंपनीकडे. पण तिचे आणि ‘स्टॅक्स’चे बिनसले, आणि पुन्हा तेच! हमेल कॉलेज पुरे करायला निघून गेला. दोघांनी त्याच वर्षी मुद्रित केलेली तिसरी, उदास तबकडी १९७८ पर्यंत बाहेर आली नाही. तोवर बँड केव्हाच मोडला होता आणि १९७५ च्या अखेरीस ‘स्टॅक्स’चे दिवाळे वाजले होते. (सणाच्या अंकात हा शब्द आला, वाचकांनी क्षमा करावी.)

चिल्टन पुढे काही काळ न्यू ऑर्लिन्सच्या उपाहारगृहांत बशा धुवीत होता. बेल वडिलांच्या उपाहारगृहात कामाला लागला. १९७८ साली एका छोट्या कंपनीने त्याचे ‘आय ॲम द कॉसमॉस’ काढले. त्याच वर्षी २७ डिसेंबरला त्याची मोटार खांबावर आदळली. तो २७ वर्षांचा होता.

१९८६ साली ‘बँगल्स’ या मुलींच्या बँडने चिल्टनचे ‘सप्टेंबर गर्ल्स’ गायिले आणि त्यांची तबकडी लाखांनी खपली. १९९३ साली चिल्टन आणि स्टीफन्स, दोन तरुण वादकांना घेऊन, मिसुरीच्या विद्यापीठात पुन्हा ‘बिग स्टार’ म्हणून उभे राहिले. त्या दिवशी बेलचे ‘आय ॲम द कॉसमॉस’ही झाले. ते त्या तरुणांपैकी एकाने म्हटले.